क्रॉप कुठे थांबवावा? पक्ष्यांच्या हालचालींची छायाचित्रे आणि त्यांची चौकट

तुम्ही पाठवलेल्या तीन छायाचित्रांपैकी पहिल्यात बडोद्याजवळच्या वढवाणा तलावावर चोचीत मासा घेऊन पाण्याबाहेर उसळलेला कवड्या धीवर, म्हणजे काळा-पांढरा खंड्या, आहे, दुसऱ्यात संध्याकाळी शेतांकडे निघालेली पट्टकादंबांची रांग आहे आणि तिसऱ्यात उथळ पाण्यातून उड्डाण घेणारा चित्रबलाक आहे. तिन्हींत पक्षी चौकटीच्या मानाने लहान आले आहेत. एक मित्र सांगतो की पक्षी चौकटभर दिसेल इतके कातरावे, म्हणजे क्रॉप करावे, दुसरा सांगतो की पक्ष्याला एक-तृतीयांशाच्या रेषेवर, म्हणजे चौकटीचे तीन समान भाग करणाऱ्या रेषेवर, बसवावे, आणि तुम्हाला तर बडोद्यातल्या एका प्रदर्शनासाठी १२ × १८ इंचांचे प्रिंट द्यायचे आहेत. तेव्हा नेमके कुठे आणि किती कातरावे, आणि पुढच्या वेळी एवढे कातरावे लागू नये म्हणून टिपतानाच काय काळजी घ्यावी, असा तुमचा प्रश्न आहे.

तुमचे दोन्ही मित्र पक्ष्याकडे पाहून सल्ला देत आहेत, आणि माझ्या मते अडचण तिथेच आहे. फांदीवर बसलेल्या पक्ष्याच्या छायाचित्रात पक्षी हाच विषय असतो, म्हणून तिथे हे दोन्ही सल्ले बऱ्यापैकी चालून जातात. पक्षी काही करत असतो तेव्हा विषय त्याच्या शरीरापुरता मर्यादित राहत नाही. ती क्रिया कुठून सुरू झाली, कशातून घडली आणि कुठे चालली आहे, यांपैकी जे जे तुमच्या फाइलमध्ये उतरले आहे ते सगळे मिळून विषय होतो, आणि कातरण्याची रेषा त्या सगळ्याच्या बाहेरून गेली पाहिजे. एवढे मान्य केले की पुढचे बरेचसे प्रश्न मोजमापाचे उरतात.

पहिले छायाचित्र सविस्तर पाहू, कारण तिन्हींत तेच सरस आहे आणि नियम कुठे अडतात हेही त्यातच स्वच्छ दिसते. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे मूळ फाइल ६००० × ४००० पिक्सेलची आहे. त्यात धीवराचे पसरलेले पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण १५०० पिक्सेल व्यापतात आणि मधला फोकस बिंदू वापरल्यामुळे पक्षी रुंदीच्या बरोबर मध्यावर आला आहे. तो डावीकडे वर चालला आहे. त्याच्या मागे, उजवीकडे खाली, थेंबांची तिरपी माळ आहे आणि तिच्या शेवटी, तो जिथून बाहेर आला तिथे, पाण्यावर उमटलेले वलय आहे. अगदी वर पलीकडच्या काठाची एक उजळ पट्टी आली आहे.

पहिल्या मित्राच्या सांगण्याप्रमाणे २१०० × १४०० पिक्सेलची चौकट घेतली, तर पक्षी रुंदीचा सुमारे ७० टक्के भाग व्यापेल आणि पिसांवरची काळी-पांढरी नक्षी मोठी दिसेल, पण वलय पूर्णपणे बाहेर जाईल आणि थेंबांची माळ अध्येमध्ये तुटेल. जे उरेल ते चोचीत मासा धरून उडणाऱ्या धीवराचे चित्र असेल. तो मासा त्याने या क्षणी पकडला की बराच वेळ आधी, हे त्यातून कळणार नाही. दुसऱ्या मित्राच्या सांगण्याप्रमाणे ३६०० पिक्सेल रुंदीची चौकट घेऊन पक्ष्याला उजव्या तृतीयांशावर बसवले, तर त्याच्या समोर ऐसपैस रिकामे पाणी मिळेल आणि वलय उजव्या कडेवर मधोमध कापले जाईल. नियम पाळला जाईल आणि घटना हातची जाईल.

मी या छायाचित्राला ३६०० × २४०० पिक्सेलची आडवी चौकट देईन. डाव्या पंखाच्या टोकापुढे सुमारे ८५० पिक्सेल, वलयाच्या उजवीकडे ५००, पंखांच्या वर ३०० आणि वलयाच्या खाली २०० पिक्सेल एवढी मोकळीक त्यात राहते. अशा चौकटीत पक्षी मध्यापासून थोडासाच डावीकडे सरकतो आणि तरीही चित्र एका बाजूला कलंडत नाही, कारण उजव्या बाजूचा भार वलय आणि थेंब उचलतात. पक्षी मध्यावर असणे हा दोष तेव्हाच ठरतो, जेव्हा चौकटीत पक्ष्याखेरीज दुसरे काहीच नसते. वरची रेषा त्या उजळ पट्टीच्या जेमतेम खालून जाते, आणि तीही मुद्दाम तशी ठेवली आहे. माणसाची नजर उजळ भागाकडे ओढली जाते आणि असा भाग कडेला असेल तर तिथून चौकटीबाहेर निसटते. पट्टीचा बारीकसा तुकडाही आत राहिला तरी धीवराच्या पांढऱ्या पोटाशी त्याची स्पर्धा सुरू होते. वर उसळणाऱ्या पक्ष्याला एरवी उभी चौकट शोभली असती. या फाइलमध्ये मात्र उभ्या चौकटीबरोबर ती पट्टीही आत येते, म्हणून मी तो मोह टाळला.

उडत्या पक्ष्याच्या समोर जास्त जागा सोडावी, हा सल्ला तुम्ही अनेकदा ऐकला असेल. सरळ रेषेत, एका लयीत उडणाऱ्या पक्ष्याला तो लागू पडतो. ज्या क्रियेची खूण पक्ष्याच्या मागे उमटते, तिथे तो आंधळेपणाने पाळू नये. चांदवा, ज्याला काही जण वारकरी म्हणतात, उड्डाणापूर्वी पाण्यावरून पाय आपटत लांबवर धावतो आणि त्याच्या मागे तुषारांच्या ठिपक्यांची रांग उमटत जाते. त्या रांगेतले चार-पाच ठिपके ठेवले तर धाव दिसते. ते कातरून समोर रिकामे पाणी ठेवले तर तोच चांदवा पाण्यावर टांगल्यासारखा दिसतो. पाय पुढे करून घसरत पाण्यावर उतरणाऱ्या बदकाच्या बाबतीतही हेच होते. उलट टिटवी किंवा घार यांच्यासारखा पक्षी मोकळ्या आकाशात असेल तर मागे काहीच खूण नसते, मग समोरची जागाच त्याची दिशा सांगते. म्हणून जागा किती सोडावी हे ठरवण्याआधी क्रियेची खूण कुठे पडली आहे ते शोधावे. दोन पक्ष्यांच्या झटापटीत तर ही खूण दोघांच्या मधल्या अंतरात असते. घारीमागे लागलेल्या कावळ्याच्या चित्रात त्या दोघांमधले वीतभर आकाश हाच सर्वांत ताणलेला भाग असतो, आणि तरी लोक घार मोठी दिसावी म्हणून कावळ्याला बाहेर काढतात. ते मला कधीच पटलेले नाही.

कातरण्याआधी एक काम राहते, आणि ते म्हणजे बर्स्टमधली, म्हणजे एका दमात टिपलेल्या सलग छायाचित्रांमधली, योग्य फ्रेम निवडणे. फ्रान्समधील शरीरशास्त्रज्ञ एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून सेकंदाला १२ छायाचित्रे घेतली, तेव्हापासून पंखांच्या फडफडीचे टप्पे सुटे करून पाहणे शक्य झाले. आजचे साधे कॅमेरेही त्या वेगाच्या आसपास चालतात, त्यामुळे अडचण फ्रेम मिळण्याची नसून त्यांतून निवडण्याची आहे. पंख पूर्ण वर असताना किंवा पूर्ण खाली आलेले असताना त्यांचा आकार मोकळा दिसतो. मधल्या टप्प्यात पंख कॅमेऱ्याकडे धार करून येतात आणि पक्षी काठीसारखा दिसतो. अशी फ्रेम कितीही तीक्ष्ण असली तरी बाजूला ठेवावी, कारण पंखाचा आकार क्रॉपने सुधारत नाही. डोके किंचित तुमच्याकडे वळलेले असावे आणि डोळ्यात प्रकाशाचा ठिपका असावा, हे तर तुम्ही जाणताच.

धीवराच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. नराच्या छातीवर दोन काळे पट्टे असतात आणि मादीच्या छातीवर एकच, तोही बहुधा मध्ये तुटलेला. ज्या फ्रेममध्ये छाती पंखाआड गेलेली नाही ती निवडली तर चित्र पक्ष्याची ओळखही सांगते. दुसरी गोष्ट माशाच्या तोंडाची. स्वतः गिळायचा मासा धीवर डोक्याकडून गिळतो, पण माशाचे डोके चोचीबाहेर पुढे असेल तर तो घास बहुधा जोडीदारासाठी किंवा पिलांसाठी असतो. अर्थात हे बसून मासा आपटल्यानंतरच्या फ्रेममध्ये वाचावे, कारण पाण्यातून बाहेर येतानाच्या क्षणी मासा चोचीत आडवातिडवा कसाही असू शकतो. तुमच्याकडे त्याच बर्स्टनंतरच्या खुंटावरच्या फ्रेम असतील तर त्या जपून ठेवा.

आता प्रिंटचा हिशेब. १२ × १८ इंचांच्या प्रिंटसाठी ३६०० × २४०० पिक्सेलचा क्रॉप इंचाला बरोबर २०० पिक्सेल देतो. लॅबवाले ३०० मागतात आणि हातात धरून पाहायच्या लहान प्रिंटसाठी ते रास्तही आहे. पण १२ × १८ चा प्रिंट भिंतीवर लावला की माणूस त्याच्यापासून साधारण त्याच्या कर्णाइतका, म्हणजे दोनेक फूट तरी दूर उभा राहतो, आणि तेवढ्या अंतरावरून चांगल्या फोकसच्या फाइलला २०० पुरतात. २१०० पिक्सेल रुंदीचा घट्ट क्रॉप मात्र त्याच आकाराला इंचामागे ११७ पिक्सेलच देतो, आणि तिथे पिसांच्या कडा विरघळू लागतात.

पिक्सेलची संख्या हा या हिशेबाचा सोपा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा सहसा कोणी सांगत नाही. कातरून पुन्हा त्याच आकाराला मोठे करताना तुम्ही चित्रातले सगळे दोषही तेवढ्याच पटीने मोठे करता. ३६०० × २४०० चा क्रॉप मूळ क्षेत्रफळाच्या ३६ टक्के आहे, म्हणजे चित्र घडवणाऱ्या एकूण प्रकाशातला तेवढाच वाटा शिल्लक राहतो आणि नॉइजच्या, म्हणजे चित्रातल्या दाण्यांच्या, दृष्टीने तुम्ही सुमारे दीड टप्पा मागे जाता (एक टप्पा म्हणजे प्रकाश निम्मा होणे). तुम्ही आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० वर टिपलेली फ्रेम प्रिंटमध्ये आयएसओ ४००० च्या पुढच्या न कातरलेल्या फ्रेमइतकी दाणेदार दिसेल. घट्ट क्रॉपमध्ये क्षेत्रफळ जेमतेम १२ टक्के उरते, म्हणजे तीन टप्पे गेले आणि तीच फ्रेम १२८०० वर टिपल्यासारखी झाली. हालचालीच्या अस्पष्टतेचेही तसेच आहे. तुमचा शटर स्पीड १/२००० सेकंद होता आणि पूर्ण फ्रेममध्ये पंखांची टोके स्वच्छ वाटतात, पण तीच अस्पष्टता पावणेतीन पटींहून अधिक मोठी झाली की डोळ्यात भरते. धीवरासारख्या वेगवान पक्ष्याला १/३२०० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे, असे मी सांगतो त्यामागे हे कारण आहे. कातरण्याची शक्यता गृहीत धरूनच शटर ठरवावे लागते. चित्रबलाकासारख्या मोठ्या, संथ पंखांच्या पक्ष्याला १/१२५० च्या आसपास पुरते.

फाइल मोठी करून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची सॉफ्टवेअरे आता सर्रास वापरली जातात, म्हणून त्यांच्याविषयी थोडेसे. नॉइज कमी करण्यासाठी ती उपयोगी आहेत. पिक्सेल वाढवताना मात्र ती पिसांची रचना अंदाजाने भरून काढतात, आणि पक्षी ओळखणारा जाणकार प्रिंटजवळ आला की त्याला ते कळते. मी ती घट्ट क्रॉपची भरपाई म्हणून वापरत नाही.

इथे आणखी एक निरीक्षण नोंदवतो. घट्ट क्रॉपची आवड फोनच्या पडद्याने वाढवली आहे, असे माझे मत आहे. हाताच्या पंजाएवढ्या पडद्यावर लहान पक्षी दिसत नाही, म्हणून तो मोठा करावासा वाटतो, आणि त्या पडद्यापुरते ते योग्यही असेल. भिंतीवरच्या प्रिंटमध्ये मात्र लहान पक्षीही नीट दिसतो आणि त्याच्या भोवतीची जागा चित्राला श्वास देते. म्हणून एकाच फाइलचे दोन वेगळे क्रॉप ठेवायला काहीच हरकत नाही. फोनवर शाबासकी मिळालेला क्रॉप तसाच प्रिंटला पाठवणे तेवढे टाळावे.

दुसऱ्या छायाचित्रातल्या पट्टकादंबांच्या रांगेत नऊ पक्षी आहेत आणि शेवटचा उजव्या कडेवर अर्धा कापला गेला आहे. थव्याचे छायाचित्र दोन प्रकारचे असते. एका प्रकारात थवा म्हणजे पोत असतो, जसा संध्याकाळी शेकडो भोरड्यांचा ढग असतो. तो चौकटीच्या चारही कडांबाहेर पसरलेला असेल तर कडेवर पक्षी कापले गेले तरी चालतात, उलट त्यामुळे थवा न संपणारा वाटतो. दुसऱ्या प्रकारात थवा म्हणजे आकृती असते, आणि तुमची रांग त्यातली आहे. आकृतीला सुरुवात आणि शेवट लागतो. तिच्यातला एकही पक्षी अर्धा असला की सगळी नजर त्या अर्ध्या पक्ष्यावर जाऊन थांबते. सुदैवाने तुमच्या रांगेत सातव्या आणि आठव्या पक्ष्यांमध्ये स्वच्छ फट आहे, त्यामुळे तिथून उभी रेषा मारून सात पक्ष्यांची पूर्ण रांग ठेवता येईल. रांग लांबट असल्यामुळे २:१ किंवा त्याहूनही लांब चौकट तिला शोभेल. १२ × १८ चा हट्ट या एका चित्रापुरता सोडा आणि लॅबकडून १८ इंच रुंदीचा प्रिंट घेऊन वर-खाली पांढरा कागद राहू द्या.

ती फट नसती, म्हणजे एकाचा पंख दुसऱ्याच्या शेपटीवर आला असता, तर मी हे चित्र प्रदर्शनासाठी नाकारले असते. अर्धा पक्षी पुसून टाकण्याचा पर्याय तुम्ही पत्रात सुचवला आहे, तो निसर्ग विभागात चालत नाही. एफआयएपी, पीएसए आणि आरपीएस या छायाचित्रण संस्थांनी मिळून स्वीकारलेल्या निसर्ग छायाचित्राच्या व्याख्येनुसार चित्रात काही घालणे, हलवणे, बदलणे किंवा काढणे यांना मनाई आहे, आणि काढण्याला एकच अपवाद आहे, तो म्हणजे क्रॉप. या अपवादाचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. नको असलेली गोष्ट कडेला असेल तर ती कातरून काढता येते, पक्ष्याशेजारी असेल तर नाही. तसेच चौकट कमी पडली म्हणून कॅनव्हास वाढवून आकाश जोडणे, म्हणजे चित्रात काही घालणेच. म्हणून कापले गेलेले पंखाचे टोक परत मिळत नाही, पण जास्तीची जागा कधीही कमी करता येते. अनेक स्पर्धा अंतिम फेरीत रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, मागतात, तेव्हा ती न बदलता सांभाळून ठेवावी.

तिसऱ्या छायाचित्रात चित्रबलाकाचे प्रतिबिंब आले आहे आणि ते पंखाच्या मध्यावर कापले गेले आहे. प्रतिबिंब एक तर पूर्ण असावे, नाहीतर ते कापणे हेतुपूर्वक आहे असे दिसेल इतके वर कापावे, म्हणजे पायांपाशी, जिथे पाय पाण्याला टेकतात त्याच्या थोडे खाली. तुमच्या फाइलमध्ये खाली जागाच नसल्यामुळे दुसरा मार्ग उरतो. शिवाय चित्र थोडे डावीकडे झुकले आहे. क्षितिज दिसत नसताना ते सरळ कसे करावे, असा प्रश्न पडतो, तेव्हा प्रतिबिंबाची मदत घ्यावी. पक्ष्याची चोच आणि पाण्यातली चोच यांना जोडणारी रेषा उभी असायला हवी, तेवढे चित्र फिरवावे. फिरवताना कोपरे जातात, म्हणून आधी फिरवावे आणि मग कातरावे. उलट क्रमाने केले तर आधी हिशेबाने सोडलेली जागा फिरवताना पुन्हा कमी होते.

या चित्राचा मोठा दोष क्रॉपने सुधारण्यासारखा नाही, तो उभे राहण्याच्या जागेचा आहे. वढवाणा हा नैसर्गिक तलाव नाही. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० साली, तो सिंचनासाठी बांधला गेला, आणि म्हणून त्याला उंच पाळ आहे. पाळीवर उभे राहून टिपले की कॅमेरा खाली पाहतो, पक्ष्यामागे दूरची झाडे किंवा धुके येण्याऐवजी जवळचेच पाणी येते आणि पक्षी त्या पाण्यावर चिकटवल्यासारखा दिसतो. जिथे परवानगी आहे तिथे उतारावरून खाली येऊन, बसून किंवा आडवे होऊन टिपले तर पार्श्वभूमी दूर जाते, धूसर होते आणि पुढे सैल क्रॉपही देखणा दिसतो. लोक घट्ट कातरतात त्यामागे अनेकदा हेच कारण असते, भोवतालचे पाणी दाखवण्यासारखे नसते.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे वळतो. पक्षी बसलेला असताना तुम्ही १५०-६०० मिमीची झूम लेन्स ६०० वर ठेवता, हे ठीक आहे. तो उडण्याची लक्षणे दिसू लागली, म्हणजे त्याने विष्ठा टाकली, मान पुढे काढली, अंग किंचित खाली दाबले, की लगेच ४०० च्या आसपास मागे यावे. पसरलेले पंख बसलेल्या शरीराच्या कितीतरी पट जागा घेतात, आणि पंख कापल्या गेलेल्या तीक्ष्ण छायाचित्रांचे मोठे गाठोडे प्रत्येकाच्या संगणकात असते. मोकळ्या आकाशात किंवा साध्या पाण्यावर विस्तृत फोकस क्षेत्र आणि ट्रॅकिंग वापरले तर पक्षी मध्यावर ठेवण्याची सक्ती उरत नाही. मागे लव्हाळे किंवा फांद्या असतील तर मात्र लहान क्षेत्रच बरे, मग मध्यावर आलेला पक्षी नंतर क्रॉपने सरकवावा.

वाऱ्याकडे लक्ष द्यावे, ही सूचना सर्वांत कमी पाळली जाते आणि तिचा लाभ मात्र मोठा आहे. पक्षी शक्यतो वाऱ्याच्या तोंडावर उडतात आणि वाऱ्याच्या तोंडावरच उतरतात. आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून किंवा ईशान्येकडून असतो. सकाळी सूर्य पाठीशी घेऊन पूर्वेच्या बाजूला बसले तर प्रकाश पुढे पडतो आणि उतरणारे पक्षी तुमच्याकडे किंवा तुमच्या समोरून तिरपे येतात. वारा फिरला की जागा बदलावी. चुकीच्या बाजूला बसून टिपलेल्या फ्रेममध्ये शेपट्याच दिसतात, आणि शेपटीचा क्रॉप कसाही केला तरी ती शेपटीच राहते.

शेपट्यांचे आणखी एक कारण असते, आणि ते मला अधिक खटकते. पक्षी घाबरून उडाले की ते छायाचित्रकारापासून दूर जातात. शेतात चरणाऱ्या पट्टकादंबांच्या दिशेने गाडी नेऊन त्यांना उठवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या चित्रांत तीच दिशा, तीच घाबरी मान आणि तीच एकसारखी पाठ असते. हे पक्षी हिमालय ओलांडून इथे येतात, आणि चरण्याचा वेळ ही त्यांची गरज असते. २०२१ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत वढवाण्याचा समावेश झाल्यापासून तिथली वर्दळ वाढत गेली आहे, तेव्हा हे अधिकच जपावे लागते. माझा सरळ हिशेब असा आहे की पक्ष्याच्या जवळ जाऊन जे अंतर कमी करता येईल, ते शक्य तितके क्रॉपनेच कमी करावे. दीड टप्पा नॉइज सोसणे त्या मानाने फार स्वस्त पडते.

सरावासाठी दर वेळी वढवाण्याला, म्हणजे डभोईच्या दिशेने, जाण्याची गरज नाही. बडोद्यातल्या कमाटीबागेतले पारवे, घारी आणि गायबगळे यांच्यावर शटर, झूम मागे घेण्याची सवय आणि फोकस क्षेत्रे यांचा सराव होतो. तिथल्या फ्रेम घरी आणून एकाच फाइलचे तीन-चार क्रॉप शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. पडद्यावर चित्र अगदी लहान करून पाहिले की चौकटीचा तोल कळतो, आणि डावी-उजवी बाजू उलटवून पाहिले की सवयीमुळे न दिसणारी कडेची ओबडधोबड गोष्ट दिसते. उलटवणे फक्त तपासण्यापुरते करावे.

प्रदर्शनाला देण्याआधी शेवटची एक व्यवहाराची गोष्ट. फ्रेम करताना माउंटबोर्डची, म्हणजे प्रिंटभोवती बसवायच्या जाड पुठ्ठ्याची, खिडकी प्रिंटच्या चारही कडांवर काही मिलिमीटर चढते. धीवराच्या चित्रात वलयाच्या खाली सोडलेले २०० पिक्सेल म्हणजे प्रिंटवर एक इंच होतो, तो त्यात टिकेल. पट्टकादंबांच्या रांगेत मात्र शेवटच्या पंखाचे टोक कडेच्या इतके जवळ आहे की माउंट त्याच्यावर चढण्याची शक्यता आहे. त्या प्रिंटभोवती अर्ध्या इंचाची पांढरी किनार ठेवून द्यायला लॅबला सांगा आणि माउंटची खिडकी त्या किनारीवरच येऊ द्या.